पवनचक्कीलाही जनसुनावणी हवी

पवनचक्की उभी करायला जनसुनावणी लागत नाही. सौर प्रकल्पालाही लागत नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत माळामाळावर चक्क्या उभ्या राहिल्या. त्याआधी गावाला एकत्र बसवून "तुमचं काय म्हणणं आहे?" असं विचारण्याचं बंधन कायद्यानं कुणावरही घातलेलं नाही. पर्यावरण आघात अहवाल नाही, जाहीर नोटीस नाही, जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभं राहून बोलायची जागा नाही. हे चुकीचं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि दुरुस्त करता येण्यासारखं आहे असंही वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मी भूम-वाशी भागात वकिली करते. बांधाचे, वाटणीचे, वहिवाटीच्या रस्त्याचे दावे हे माझं रोजचं काम. अलीकडे त्यात चक्कीचे कागद येऊ लागले. आधीच सांगते, मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. चारा छावण्या आणि टँकर बघत आमची पिढी मोठी झाली. कोळशावरच्या नव्या वीजकेंद्राला पाण्याची जी मर्यादा घालून दिली आहे ती एका मेगावॅट-तासाला तीन घनमीटर आहे, म्हणजे एका युनिटमागे तीन लिटर. चक्कीला पाणी लागत नाही. दुष्काळी मुलखात वाऱ्यावर वीज तयार होत असेल तर ती व्हावीच. माझं म्हणणं वेगळं आहे.

आपल्याकडे प्रकल्पाआधी लोकांचं ऐकायचं की नाही हे ठरतं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवरून. तिच्या परिशिष्टात कुठल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते त्याची यादी आहे. कोळशाचं ५०० मेगावॅट आणि त्यावरचं केंद्र 'अ' वर्गात, त्याची फाइल दिल्लीला जाते. मूळ यादीत जलविद्युतला ५० मेगावॅटपासून तोच वर्ग होता. वारा आणि सूर्य मात्र त्या यादीतच नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीतही ते 'पांढऱ्या' गटात आहेत. संमतिपत्र घ्यायची गरज नाही, मंडळाला कळवलं की झालं.

यामागचा विचार समजण्यासारखा आहे. धूर नाही, राख नाही, सांडपाणी नाही, मग चौकशी कशाची? शिवाय सुरुवातीच्या काळात साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर जी यंत्रं लागली ती काहीशे किलोवॅटची होती. आता एकेक यंत्र दोन-तीन मेगावॅटचं असतं, मनोरा शंभर मीटरहून उंच, आणि एकेक पातं घेऊन येणाऱ्या गाडीला वळण मिळावं म्हणून गावाबाहेरची झाडं तोडावी लागतात. क्रेन नेण्यासाठी रुंद, दाबलेला मुरमाचा रस्ता लागतो. पायासाठी खडक फोडावा लागतो. धूर नसतो हे खरं, पण शिवाराचा नकाशा बदलतो.

सुनावणीची किंमत मला कळली ती विदर्भात. माझी मावशी राहते त्या भागात कोळशाच्या एका केंद्राच्या विस्ताराची जनसुनावणी होती, आणि मी मुद्दाम गेले होते. मे महिना, मंडप, फिरते कूलर, पोलिसांचा बंदोबस्त. पुढच्या रांगांत "रोजगार मिळालाच पाहिजे" असे फलक घेतलेली माणसं, एकाच गाडीतून उतरलेली. मागे शेतकरी. निम्म्या लोकांना व्यासपीठावरचं ऐकूही येत नव्हतं. एक बाई माइकपर्यंत पोचल्या. म्हणाल्या, "साहेब, बोंडं फुटली का राख बसते त्याच्यावर. व्यापारी पाहते अन् भाव पाडते. बोलून तं आम्ही रोजच बोलतो, तुम्ही हे लिहून घ्या न."

सगळ्यांचं बोलून झालं, साहेब उठायला लागले. तेवढ्यात एक निवृत्त गुरुजी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "इतिवृत्त वाचून दाखवा, नियमात आहे." खरोखरच आहे. सुनावणीचा सारांश शेवटी लोकांपुढे त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि मगच त्यावर अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्याची सही व्हायची. साहेब पुन्हा बसले. वाचन सुरू झालं. त्यात "काही ग्रामस्थांनी राखेबाबत चिंता व्यक्त केली" एवढंच होतं. गुरुजी म्हणाले, कापूस कुठे आहे? भाव कुठे आहे? प्रदूषण मंडळाच्या कर्मचाऱ्यानं तिथल्या तिथे वाक्य वाढवलं आणि पुन्हा वाचलं. त्या बाई मान डोलावत ऐकत होत्या.

अंतिम अहवालात त्या वाक्यासमोर प्रकल्पवाल्यांना उत्तर लिहावं लागलं. उत्तर मोघम होतं. तरीही एकदा कागदावर चढलेला मुद्दा पुसता येत नाही. मंजुरी मिळाल्यावर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात, आणि आपल्या भागाचं पीठ पुण्यातच आहे. मंजुरीला अटी असतात. त्या पाळल्या का, याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो कुणालाही मागता येतो. राख कापसावर बसली तर कुठल्या अटीवर बोट ठेवायचं हे त्या बाईंना आता माहीत आहे.

जनसुनावणी फार आदर्श असते असं मला अजिबात म्हणायचं नाही. जैतापूरच्या अणुप्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली. अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतींना महिनाभर आधी मिळायला हवी होती, ती जेमतेम चार दिवस आधी पोचली अशी गावकऱ्यांची तक्रार होती. नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी आली, ३५ अटींसह. आजही पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो, लोकांच्या भाषेत फक्त सारांश. नव्या अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्यात तर नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचं घाटत होतं. हे सगळं मान्य. पण जैतापूरची तक्रार कशाच्या आधारावर करता आली? एक महिन्याचा नियम होता म्हणून. आमच्याकडे चक्कीच्या बाबतीत मोडायलाही नियम नाही.

मग आमच्याकडे काय होतं? एजंट येतो. बहुतेक वेळा तो आपल्याच भागातला असतो, कुणाचा तरी पाहुणा. तो गावाशी बोलत नाही, एकेका सातबाऱ्याशी बोलतो. शेजाऱ्याला किती दिले ते सांगत नाही, "तुम्हालाच जास्त देतोय, कुठं बोलू नका" म्हणतो. भाडेपट्टा कंपनीच्या वकिलानं तयार केलेला असतो आणि माणूस थेट दुय्यम निबंधकाच्या दारात पोचल्यावर तो पहिल्यांदा बघतो.

असाच एक भाडेपट्टा एक आप्पा माझ्याकडे घेऊन आले होते, सही करून झाल्यावर. तीस वर्षांचा करार. चक्कीसाठीची जागा गट नंबर आणि चतुःसीमेसह नीट लिहिलेली. पुढे एक कलम होतं की कंपनीला "लगतच्या संपूर्ण क्षेत्रातून" रस्ता, केबल आणि तारा नेण्याचा हक्क राहील. पैसे चक्कीखालच्या जागेचे, हक्क सगळ्या शेतावर. पुढचं कलम, हे हक्क कंपनी शेतकऱ्याला न विचारता दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. वाद झाला तर लवाद, आणि लवादाचं ठिकाण दूरचं महानगर. तीस वर्षांनी जमिनीतला काँक्रीटचा पाया कोण काढणार, याबद्दल अख्ख्या करारात अक्षर नाही. मी आप्पांना प्रत्येक कलम वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वकीलबाई, मला वाटलं दोन एकराचाच कागद हाय."

आप्पांच्या हातात निदान कागद तरी आहे. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. माळावर मेंढ्या चारणारा धनगर. वाट्यानं शेती करणारा. रोजानं जाणाऱ्या बाया. ज्याच्या शेतात चक्की नाही पण चक्कीच्या रस्त्यानं ज्याचा नालाबांध फोडला तो शेजारी. मुरमाचा रस्ता ओढ्यावरून नेताना बारकी नळी टाकली आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबून खालच्या सोयाबीनवर आलं, असं प्रकरण माझ्यापुढे आहे. त्या शेतकऱ्याचा कंपनीशी करारच नाही, म्हणून कंपनी म्हणते तुमचा-आमचा संबंध काय.

सरकार जमीन संपादन करतं तेव्हा २०१३ चा कायदा लागतो. त्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आहे, खासगी प्रकल्पाला ८० टक्के बाधितांची संमती आहे, आणि बाधित कुटुंबाच्या व्याख्येत भूमिहीन मजूर आणि कसणाराही येतो. पण इथे संपादन होतच नाही. खासगी माणसाची खासगी माणसाशी भाडेपट्टी, त्यामुळे तो कायदा दारातच थांबतो. दोन्ही मोठे कायदे, एक पर्यावरणाचा आणि एक जमिनीचा, चक्कीपाशी येऊन लागू होत नाहीत. वनजमीन असली तर गोष्ट जरा वेगळी, तिथे १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि वनहक्क कायदा आडवे येतात. तरीही भीमाशंकरच्या शेजारी वनजमिनीवर झालेल्या पवनचक्की प्रकल्पाबद्दल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात काय लिहिलं ते वाचा. डोंगर कापून केलेले रस्ते, ओढ्यांत आणि शेतांत उतरलेला राडारोडा. कायदा असताना हे, तर नसताना काय होणार?

तारांबद्दल थोडं, कारण सर्वांत जास्त लोक त्यासाठीच माझ्याकडे येतात. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकार एखाद्या कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं. असा आदेश असला तर शेतकऱ्याची संमती लागत नाही, तो फक्त भरपाई मागू शकतो. म्हणून शेतात टॉवरची आखणी करायला माणसं आली की पहिला प्रश्न विचारायचा, "कलम १६४ चा आदेश आहे का? दाखवा." आदेश नसेल तर वीज कायद्याखालच्या २००६ च्या नियमांप्रमाणे जमीनमालकाची संमती घ्यावी लागते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दुसरी गोष्ट भरपाईची. केंद्र सरकारच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असा दर आहे. ऐकायला चांगला आहे, पण तो ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांना. चक्कीपासून सब-स्टेशनपर्यंत शेताशेतातून जाणाऱ्या तारा बहुतेक ३३ केव्हीच्या असतात. ज्या तारा आमच्या डोक्यावर सर्वांत जास्त आहेत, त्याच या सूचनांच्या बाहेर राहिल्या.

नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत चक्की राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत नसावी असं आहे, आवाजाच्या त्रासामुळे. चांगली सूचना आहे. आमच्याकडे वस्त्या शेतात असतात, गावठाणात नव्हे. पण हे अंतर कुणी, कुठल्या टप्प्यावर मोजायचं आणि गावाला कधी सांगायचं? सुनावणी असती तर नकाशा सगळ्यांसमोर टांगावा लागला असता, आणि एखादी म्हातारीही बोट ठेवून म्हणाली असती, इथं माझं घर हाय.

आणखी एक बाब मला फार खटकते. हाच प्रकल्प जागतिक बँकेच्या गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या किंवा आशियाई विकास बँकेच्या कर्जावर उभा राहिला, तर त्याला पर्यावरणीय आणि सामाजिक आघाताचा अभ्यास करावा लागतो. वित्त महामंडळाची २०१२ ची आठ मानकं आहेत. जमिनीवर नाव नसलेल्यांच्या उपजीविकेचा विचार, लोकांशी सल्लामसलत, तक्रार निवारणाची व्यवस्था हे सगळं त्यात येतं. भारतातल्या पवनऊर्जा प्रकल्पांचे असे अहवाल झालेले आहेत. म्हणजे हे काम अशक्य नाही, कंपन्यांना ते जमतं आणि परवडतंही. पण माझ्या अशिलाचं ऐकायचं की नाही हे कंपनीनं कर्ज कुठून काढलं यावर का अवलंबून असावं? तो हक्क इथल्या कायद्यानं द्यायला हवा.

माळाचं नाव सरकारी दप्तरात पडीक म्हणून लागतं. त्या पडीकावर चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. आमच्या शेजारी सोलापूरला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे आणि तिथला माळढोक आता जवळजवळ संपला. माळढोक वजनदार पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तारांवर आदळून मरतो. राजस्थान-गुजरातमधल्या तारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली गेली. तारा आधी ओढल्या आणि पक्ष्याचा विचार नंतर केला की न्यायालयालाही सोपा मार्ग उरत नाही. हा अभ्यास आधी झाला असता तर निम्मा वाद झालाच नसता असं माझं मत आहे.

"सुनावणी लावली तर प्रकल्प रखडतील" असं मला नेहमी ऐकवतात. देशाला २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभी करायची आहे, घाई आहे, हे मलाही कळतं. पण अधिसूचनेप्रमाणे सुनावणी ४५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. चक्की लावण्याआधी त्या जागी मास्ट, म्हणजे वारा मोजायचा उंच खांब, उभा करून सहसा वर्षभर तरी वारा मोजतात. वारा मोजायला वर्ष मिळतं, तर माणसांना ४५ दिवस मिळायला हरकत काय? आणि रखडतंय ते आताही. रस्ते अडवले जातात, पोलीस संरक्षणात काम चालतं, मनाईहुकमाचे अर्ज पडतात. यातले कितीतरी वाद नळीच्या आकाराचे आणि पाणंदीच्या रुंदीचे असतात, दोन तासांच्या बैठकीत मिटणारे.

कोळशाच्या केंद्राइतका जाडजूड अहवाल चक्कीला लागू नये, हे मीही मानते. अमुक मेगावॅटवरच्या प्रकल्पासाठी, आणि तोही तुकडे न पाडता सगळ्या चक्क्या, रस्ते, तारा, सब-स्टेशन एकत्र धरून, मराठीत एक छोटा अहवाल असावा. गट नंबर दाखवणारा नकाशा असावा. ओढे, पाणंदी, विहिरी, वस्त्या आणि चराईचे माळ त्यावर मांडलेले असावेत. तीस दिवसांची नोटीस, गावात सुनावणी, शेवटी इतिवृत्ताचं वाचन. एवढंच.

कायदा बदलेपर्यंत आम्ही ग्रामसभेचा आधार घेतो आहोत. आमच्याजवळच्या एका गावात चक्कीसाठी ग्रामपंचायतीचं ना हरकत मागायला माणसं आली, तेव्हा सरपंचताईंनी ठरवलं की मासिक सभेत सही करायची नाही, विषय ग्रामसभेत घ्यायचा. ठरावाचा मसुदा मी लिहून दिला. कंपनीनं सगळ्या जागांचा नकाशा मराठीत चावडीवर लावावा, ओढ्यांवर नळीऐवजी पुरेशा रुंदीच्या मोऱ्या बांधाव्यात, ५०० मीटरचं अंतर तलाठी आणि ग्रामस्थांसमोर मोजावं, करार नसलेल्या शेतकऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा पंचनामा आणि भरपाई कशी होईल ते लिहून द्यावं, आणि तीस वर्षांनी पाया काढण्याची जबाबदारी लेखी घ्यावी. सभेला मेंढपाळही आले होते. माळावर कुंपण घालणार नाही हे लिहून द्या, ही मागणी त्यांनी स्वतः घातली. शेवटी ग्रामसेवकांनी सगळा ठराव मोठ्यानं वाचला.

कंपनीचे अधिकारी दोन आठवड्यांनी आले, यावेळी एजंटाशिवाय. नकाशा लावला. दोन मोऱ्या बांधायचं मान्य केलं. अंतर मोजायचं त्यांनी तोंडी कबूल केलं आहे. पाया काढण्याबद्दल आणि करार नसलेल्यांच्या भरपाईबद्दल "वरिष्ठांना विचारून कळवतो" म्हणालेत, आणि ग्रामपंचायतीनं तोवर ना हरकत रोखून धरलं आहे. लेखी उत्तर आलं की इथे टाकेन. कुणाच्या गावाला ठरावाचा मसुदा हवा असेल तर कळवा, पाठवते. आणि भाडेपट्टा आधी कुणाला तरी दाखवा, सही त्यानंतर.